मैदानावरच्या कार्यक्रमासाठी सायकल स्टँड : जागा, बिल्ले आणि रात्री दहाची गर्दी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात डिसेंबरमध्ये शाळेच्या मैदानावर तीन संध्याकाळी गाणं आणि व्याख्यानांचा महोत्सव भरतो. रोज अंदाजे ३,००० माणसं येतात. दुचाक्या-चारचाक्यांनी मैदानासमोरचा रस्ता तुंबतो. यंदा लोकांनी सायकलने यावं असं मंडळाला वाटतंय. त्यासाठी जागा किती लागेल, सामान काय लागेल, माणसं किती लागतील, आणि एवढं करून लोक सायकल काढतील का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. लोक सायकल काढतात. तालुक्याच्या गावात सायकलींना तोटा नसतो. मानव विकास कार्यक्रम ज्या तालुक्यांत आहे तिथे आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली घरोघरी आहेत. दुकानात, गोदामात कामाला जाणारे आहेत, दूध आणि पेपर टाकणारे आहेत, आणि अलीकडे पहाटे गिअरची सायकल घेऊन वीस-तीस किलोमीटर जाऊन येणारे शिक्षक-डॉक्टरही आहेत. हीच माणसं कार्यक्रमाला येताना मात्र स्कूटर काढतात किंवा कुणाच्या तरी मागे बसून येतात. कारणं दोनच. सायकल जागेवर राहील का याची खात्री नसते, आणि रात्री निघताना ती दुचाक्यांच्या गर्दीत अडकेल याची मात्र पक्की खात्री असते.

म्हणून स्टँडची आखणी संध्याकाळी सहापासून पुढे करू नका, रात्री दहापासून मागे करत या. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावे लागतात. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची तारीख त्यात नसेल तर दहा म्हणजे दहा. याचा परिणाम असा की येताना लोक सव्वा-दीड तासात विखरून येतात आणि जाताना सगळे एकदम उठतात. येणाऱ्या माणसाला दोन मिनिटं थांबवलं तर तो कुरकुरत नाही. जाणाऱ्या माणसाला, त्यातून कडेवर झोपलेलं पोर असेल तर, दहा मिनिटं थांबवलंत की दुसऱ्या दिवशी तो सायकल आणत नाही, आणि शेजाऱ्यालाही आणू देत नाही.

जागा कुठे

मुख्य प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत, आणि मोटारसायकलींच्या पार्किंगच्या अलीकडे. सायकलवाल्याला स्कूटरवाल्यापेक्षा कमी चालावं लागलं पाहिजे. तुमच्याकडून त्याला मिळणारं सगळ्यात मोठं बक्षीस हेच आहे. गावातून जास्तीत जास्त लोक ज्या बाजूने येतात त्या बाजूला स्टँड घ्या, म्हणजे सायकल हातात धरून कुणाला गर्दीतून आरपार जावं लागणार नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी ठेवलेलं फाटक सोडून द्या. "सायकलीच तर आहेत, काढू पटकन" म्हणत तिथे रांग लावणं धोक्याचं आहे. जनरेटर आणि खाद्यपदार्थांचे स्टॉलही लांब ठेवा.

बाहेर पडायची वाट मोटारींच्या वाटेपेक्षा वेगळी हवी. शाळेला मागचं किंवा बाजूचं फाटक असेल तर ते उघडून घ्या. एकच फाटक असेल तर वाहतूक पोलिसांशी आधीच बोलून ठेवा: कार्यक्रम संपल्यावर चारचाक्यांचं पार्किंग पहिली दहा मिनिटं थांबवायचं. नुसत्या शब्दावर राहू नका, परवानगीच्या अर्जासोबतच्या नकाशावरच हे लिहून द्या. ड्युटीवर त्या रात्री कोण येईल ते आधी ठाऊक नसतं, कागद असला की बोलणं सोपं जातं.

जमीन आदल्या सकाळी चालून बघा. मुरमाचं टणक मैदान उत्तम. मऊ माती असेल तर सायकलचा स्टँड रुततो आणि तासाभरात सायकल कलंडते. पण डिसेंबरमधला खरा शत्रू म्हणजे सराटे. पावसाळ्यात मैदानाच्या कडेने पसरलेला सराट्याचा वेल तोवर वाळलेला असतो आणि त्याची काटेरी फळं मातीत पडून असतात. कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. झाडूने ती हलतात, निघत नाहीत. दाताळ्याने ओढून घ्या, मग ओलं गोणपाट जमिनीवरून फरफटत न्या. उरलेली फळं गोणपाटाला चिकटून येतात. हे स्टँडच्या जागेपुरतं करून भागत नाही, रस्त्यापासून स्टँडपर्यंतची वाटही तशीच साफ करा. कुंपणाला बाभळी असतील तर त्यांच्यापासून चार-पाच मीटर लांब राहा. पहिल्या रात्री वीस सायकली पंक्चर निघाल्या तर पुढच्या दोन रात्री स्टँड मोकळा राहील.

किती सायकली, किती जागा

पहिल्या वर्षी २०० सायकलींची तयारी ठेवा आणि आणखी १०० मावतील एवढी जागा शेजारी रिकामी राखा. तिथे खुर्च्या, रिकामे क्रेट, मांडववाल्याचा टेम्पो असं काही येऊ देऊ नका. ३,००० माणसांत २०० सायकली म्हणजे १५ जणांमागे एक. पहिल्या संध्याकाळी ६०-७० आल्या तरी खचू नका. स्टँड नीट चालला तर दुसऱ्या दिवशी आकडा वाढतो, कारण लोक पहिल्या दिवशी नुसतं बघून जातात.

साध्या सायकलीची लांबी १८० ते १९० सें.मी. असते, हँडल ६० सें.मी.च्या आसपास. समोरासमोर दोन रांगा आणि मधे दीड मीटरची वाट धरली तर ५.३ मीटर रुंदीत दर ६० सें.मी.ला दोन सायकली बसतात. म्हणजे एका सायकलीला १.६ चौ.मी. टांगून ठेवलेल्या सायकलीला वाटेसकट सुमारे १ चौ.मी. पुरतो. टांगण्याची रीत पुढे सांगितली आहे. १४० साध्या, ४० गिअरच्या आणि २० लहान मुलांच्या धरल्या तर साधारण २८५ चौ.मी. लागतात, बिल्ले द्यायची खिडकी आणि फाटक यांच्यापुढची मोकळी जागा मिळवली की १६ × २० मीटरचा तुकडा पुरे होतो. वळायच्या जागेसह एका मोटारीला २५ चौ.मी. लागतात. म्हणजे १३ मोटारींच्या जागेत २०० सायकली. मैदान देणाऱ्या शाळेला किंवा नगरपालिकेला हा हिशोब लेखी द्या, तुकडा मिळायला त्याचा फार उपयोग होतो.

मांडणी : सगळ्या सायकली एकसारख्या नसतात

बाहेरच्या देशांतली चित्रं बघून मंडळं लोखंडी कमानी भाड्याने शोधत बसतात. तिकडे सायकलला स्टँड नसतो म्हणून टेकायला काहीतरी लागतं. आपल्याकडच्या बहुतेक सायकली स्वतःच्या स्टँडवर उभ्या राहतात. त्यांना लागते ती आखलेली जागा.

साध्या आणि लेडीज सायकलींसाठी फक्कीने रेघा मारा, ६० सें.मी.वर एक. दर दहा सायकलींनंतर १ मीटर मोकळा सोडा. ही फट चुकवू नका. साइड स्टँडवरच्या सायकली सगळ्या एकाच बाजूला कललेल्या असतात. एक पडली की शेजारची घेऊन पडते आणि पन्नासांची अखंड रांग असेल तर पन्नासही आडव्या होतात. मग हँडलं एकमेकांत अडकतात, ब्रेकच्या तारा तुटतात, आणि ते सोडवायला नेमकी रात्री दहाची वेळ उरते. दहानंतर फट असली की नुकसान दहांतच थांबतं. जमीन किंचित उताराची असेल तर सायकली उताराला आडव्या उभ्या करू नका. सायकलीचं तोंड चढाच्या दिशेला येईल अशा लावा. मऊ जमिनीवर साइड स्टँडच्या टोकाखाली द्यायला प्लायवूडचे तळहाताएवढे तुकडे ठेवा. सुतार ते कचऱ्यातून देतात.

गिअरच्या सायकलींना बहुधा स्टँड नसतो. त्यांच्यासाठी आडवा पाइप लावा. मांडववाल्याकडे किंवा बांधकामावर परांचीसाठी वापरतात तो ४८ मि.मी. जाडीचा ६ मीटर लांबीचा लोखंडी पाइप घ्या. जमिनीपासून ११० सें.मी. उंचीवर तो क्लॅम्पने पक्का करा आणि दर दोन मीटरला आधार द्या. दोन्ही टोकांना पाय एकेरी उभा करू नका. उलट्या व्हीसारखे दोन पाय, तळाशी एक मीटर फाकवून, नाहीतर एका बाजूच्या सायकली काढताच सगळा सांगाडा झुकतो. सायकल उचलून सीटचं पुढचं टोक पाइपवर अडकवायचं. मागचं चाक अधांतरी राहतं, पुढचं जमिनीवर. एक सायकल या बाजूने, पुढची त्या बाजूने, ३० सें.मी.च्या अंतराने. म्हणजे एकाच बाजूच्या दोन हँडलांत ६० सें.मी. पडतात आणि ती अडकत नाहीत. डोंगरी सायकलींची हँडलं ७० सें.मी.च्या वर असतात, त्यांना एक घर जास्त सोडा. ६ मीटरच्या पाइपवर १८ ते २० सायकली बसतात.

पाइपऐवजी बांबू चालेल का, हे हमखास विचारलं जातं. जाड बांबू सीटच्या टोकाखाली नीट बसत नाही, आणि बारीक बांबू मधे वाकतो. पाइपच घ्या. त्यावर जुनी ट्यूब गुंडाळा. सायकल घसरत नाही आणि महागड्या सायकलीचा रंग खरवडला जात नाही. रंग खरवडला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन येतो. क्लॅम्प पक्के आवळण्याआधी एक उंच, एक मध्यम आणि एक बुटकी सायकल अडकवून बघा. बुटकीसाठी एक पाइप ९५ सें.मी.वर ठेवलेला बरा. स्प्रिंगच्या रुंद सीटच्या जड सायकली आणि बॅटरीच्या सायकली पाइपवर चढवू नका; २० किलोच्या पुढचं वजन रात्रभर उचलून स्वयंसेवकांची कंबर धरते. त्या जमिनीवरच्या रांगेत लावा. बॅटरी निघत असेल तर मालकाने बरोबर न्यावी. चार्जिंगची सोय देऊ नका, मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगवर तो भार नको.

लहान मुलांच्या सायकलींना खिडकीजवळचा वेगळा कोपरा द्या. त्या मोठ्यांच्या रांगेत शिरल्या की हमखास खाली दबतात.

कुंपणाला बांबू आणि काथ्या पुरतो, उंची १२० सें.मी. म्हणजे वरून सायकल उचलून नेणं अवघड जातं. आत-बाहेर करायची जागा एकच, १२० सें.मी. रुंद, शेजारी चालत सायकल नेणाऱ्या माणसाला तेवढी लागतेच. पण तिच्याशेजारी अशीच दुसरी वाट बांधून बंद ठेवा. ती पावणेदहाला उघडायची.

फलकावर "सायकल स्टँड, मोफत" असं मोठ्या अक्षरात आणि सायकलीचं चित्र. नुसतं "पार्किंग" लिहिलंत तर अर्ध्या तासात आत दोन स्कूटर उभ्या असतील, आणि एक शिरली की मागून दहा येतात.

बिल्ला

चित्रपटगृहाबाहेर, रेल्वे स्टेशनावर पत्र्याचा बिल्ला देऊन सायकल सांभाळायची पद्धत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालली. सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्स संघाच्या बेसबॉल सामन्यांना आलेल्या लोकांच्या सायकली आज मोफत सांभाळल्या जातात, तिथेही रीत हीच: सायकल द्या, क्रमांक घ्या. ती टिकली कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे. क्यूआर कोड, ॲप वगैरेच्या फंदात पडू नका. ३,००० माणसं जमली की मैदानावरचं मोबाइल नेटवर्क मंदावतं, आणि दहावीतल्या मुलीकडे फोन असेलच असं नाही.

बिल्ल्याचे दोन भाग, दोन्हींवर एकच क्रमांक. एक हँडलला, एक मालकाला. क्रमांक सायकल कितवी आली त्याचा नसावा, ती कुठे उभी आहे त्याचा असावा: क-१ ते क-२०, ख-१ ते ख-२०. रांगेच्या टोकाला तेच अक्षर फूटभर उंचीचं लावा. मग अंधारात कुणी "निळी सायकल, पुढे जाळी" सांगत फिरत नाही. ग-१४ म्हणजे तिसरी रांग, चौदावी जागा.

कागदी बिल्ला डिसेंबरात चालत नाही. आठनंतर दव पडतं, शाई फुटते. जाड कागदाला लॅमिनेशन करा, ५ × ८ सें.मी., कोपऱ्याला भोक. बांधायला जुन्या ट्यूबचे बारीक कापलेले गोल तुकडे सगळ्यात चांगले: ताणले जातात, दवाने भिजत नाहीत आणि गाठ सोडवत बसावं लागत नाही. बिल्ला ब्रेकच्या तारेत अडकवू नका, हँडलच्या दांड्यावरच लावा. तीन दिवसांचे तीन रंग ठेवा. पहिल्या रात्री कुणी बिल्ला खिशात घालून घरी गेलाच, तर दुसऱ्या रात्री तो दाखवून दुसऱ्याची सायकल नेता येणार नाही. बिल्ल्याच्या मागे स्टँड बंद होण्याची वेळ, म्हणजे १०.४५, आणि खिडकीवरचा फोन नंबर छापा.

खिडकीवर एक वही: क्रमांक, नाव, मोबाइल नंबर. याशिवाय फक्त गल्लीचं नाव विचारा (कशासाठी ते शेवटी येईल), बाकी काही नको. पूर्ण पत्ता, आधार वगैरे मागायला लागलात की रांग लांबते, आणि मुली नाव सांगायलाही कचरतात. मुलीचा नंबर नको असेल तर पालकांचा घ्या, तोही नको असेल तर नुसतं नाव चालेल.

बिल्ला हरवला तर मालकाला बाजूच्या टेबलावर न्या, रांगेत थांबवू नका. वहीतल्या नंबरवर तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या. त्याच्या खिशातला फोन वाजला की निम्मं काम झालं. मग सायकलीची अशी खूण विचारा जी लांबून दिसत नाही: सीटखाली काय आहे, घंटी कुठल्या बाजूला आहे, कुलपाची किल्ली दाखवा. वहीत सही घ्या. तरीही शंका राहिली तर स्टँड रिकामा होईपर्यंत थांबायला सांगा. शेवटी उरलेल्या थोड्या सायकलींत त्याची ओळखणं सोपं जातं.

"वाहने मालकाच्या जबाबदारीवर" असा फलक लावायचा मोह होतो. लावू नका. बिल्ला दिलात म्हणजे जबाबदारी घेतलीत. ती घ्यायची नसेल तर स्टँडचा उपयोग उरत नाही. एखादी सायकल गेलीच तर साधी नवी सायकल घेता येईल एवढी रक्कम अंदाजपत्रकात बाजूला ठेवा आणि तसं जाहीर सांगा.

कुलूप आणि रात्री दहा

आपल्याकडच्या साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला गोल कुलूप असतं. ते लावलं की सायकल ढकलता येत नाही, मागून उचलून न्यावी लागते. त्यामुळे "स्वयंसेवक सायकल आणून देतील" ही पद्धत सगळ्यांना लावली तर ती कोसळते. हिशोब करून बघा. २०० पैकी १५० जण पहिल्या २५ मिनिटांत आले म्हणजे मिनिटाला सहा. एक सायकल शोधून, उचलून आणायला स्वयंसेवकाला दीड मिनिट लागतं. म्हणजे नुसते आणणारेच नऊ हवेत, आणि ते अंधारात एकमेकांना धडकत राहणार.

त्यापेक्षा दोन पद्धती ठेवा. रांगेतल्या सायकली मालकाने स्वतः लावायच्या, स्वतः कुलूप घालायचं. स्वयंसेवक फक्त जागा दाखवतो आणि बिल्ला बांधतो. जाताना मालक स्वतः काढून फाटकावर येतो, तिथे त्याच्या हातातला आणि हँडलवरचा क्रमांक जुळवला जातो. जुळवणीला दहा सेकंद लागतात. दोन्ही वाटा उघडल्या की मिनिटाला बारा सुटू शकतात, म्हणजे गरजेच्या दुप्पट. पाइपवरच्या सायकली मात्र स्वयंसेवकांनीच चढवायच्या आणि उतरवायच्या. नवखा माणूस ओढाताण करतो आणि शेजारच्या तीन पाडतो. तिथे तीन जण पुरतात.

फाटकावर बिल्ल्याचे दोन्ही भाग काढून घ्या आणि जोडीनेच डब्यात टाका. दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्ले मोजताना जोडी लागली नाही की कुठला क्रमांक बाद करायचा ते लगेच कळतं.

संध्याकाळी सहा माणसं लागतात: दोन खिडकीवर, तीन जागा दाखवायला, एक नजर ठेवायला. कार्यक्रम चालू असताना दोन पुरतात, पण तासातासाने पाळी बदला. गाणं ऐकायला आलेल्या पोराला तीन तास कुंपणापाशी बसवलंत तर तो उठून जातो, आणि सायकली बहुतेक तेव्हाच जातात. पावणेदहाला आठ जण जागेवर हवेत: दोन फाटकावर, तीन पाइपपाशी, दोन बॅटरी घेऊन रांगांत, एक हरवलेल्या बिल्ल्यांच्या टेबलावर.

दिव्यांचं आधी ठरवून घ्या. १६ × २० मीटरला १०० वॉटचे दोन एलईडी पुरेसे आहेत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत चार-पाच मीटर उंच, म्हणजे एकाची सावली दुसरा भरून काढतो. एकाच बाजूने उजेड आला तर रांगेतल्या सायकलींचे क्रमांक काळोखात जातात. आणि हे मांडववाल्याच्या करारातच लिहा: स्टँडचे दिवे १०.४५ पर्यंत चालू. पडदा पडला की जनरेटर बंद करून सामान आवरायला घेणं ही त्याची रोजची सवय आहे, त्यात त्याची चूक नाही. पण नेमक्या दहा वाजून पाच मिनिटांनी तुमचा स्टँड अंधारात जातो.

लोकांना सायकलवर कसं आणायचं

स्टँड आहे हे निमंत्रणपत्रिकेवर, कलाकारांच्या नावांखालोखाल आलं पाहिजे. "पर्यावरणासाठी सायकल वापरा" असं लिहून फारसं कुणी हलत नाही. "सायकल स्टँड प्रवेशद्वाराशेजारी, मोफत, बिल्ला मिळेल, १०.४५ पर्यंत उघडा" हे वाचून हलतात. बरोबर अंतर मिनिटांत द्या. तासाला १२ किलोमीटरच्या सावकाश वेगाने ३ किलोमीटरला १५ मिनिटं लागतात. एसटी स्टँडपासून १०, बाजारपेठेपासून ६, कॉलेजपासून १५, असं छापलं की माणूस मनात हिशोब करतो: स्कूटर लावून चालत यायलाही तेवढीच लागतात.

मोटारीला आणि स्कूटरला पार्किंगचे पैसे घ्या, सायकलला घेऊ नका. आलेल्या पैशांतून स्वयंसेवकांचा चहा-नाश्ता आणि पंक्चरवाल्याचा रोज निघतो. सोडतीतली बक्षिसं, "पहिल्या शंभर सायकलींना टी-शर्ट" असल्या योजनांचा मात्र उपयोग नाही. कोपऱ्यावरच्या घरातून सायकल ढकलत आणणारे वाढतात आणि लांबून येणारा रांगेत मागे पडतो. त्याऐवजी खिडकीवरच बिल्ला बघून मांडवात सोडणारी छोटी वाट ठेवता आली तर ठेवा.

गावातल्या पंक्चरवाल्याला तिन्ही संध्याकाळी बसवा. त्याचा त्या वेळेचा धंदा बुडतो, तेव्हा त्याला पूर्ण रोज द्या आणि लोकांकडून पैसे घेऊ नका असं सांगा. उभ्याने मारायचा पंप, साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, ठिगळं आणि सोल्यूशन त्याच्याकडे असतंच. गिअरच्या काही सायकलींना बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असतो. त्याचं पितळी ॲडॉप्टर तेवढं तुम्ही मागवून ठेवा. तो जास्त राबतो ते हवा भरण्यातच. वर्षभर न काढलेली सायकल कार्यक्रमासाठी बाहेर आलेली असते.

परतणं काळोखात होतं, आणि बहुतेक सायकलींना दिवा नसतो. यासाठी रेडियमची पट्टी हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. नंबरप्लेट करणाऱ्याकडून लाल आणि पांढऱ्या पट्ट्या कापून घ्या, ५ × १५ सें.मी. खिडकीवर बिल्ला बांधतानाच मागच्या मडगार्डवर लाल आणि पुढच्या दांड्यावर पांढरी लावा. मडगार्ड आधी कोरड्या फडक्याने पुसायचं. धुळीवर किंवा दवावर लावलेली पट्टी घरी पोचेपर्यंत गळून पडते. मडगार्ड नसलेल्या सायकलीला सीटच्या दांड्याभोवती गुंडाळा. एका सायकलीला अर्धं मिनिट जातं, पण येण्याच्या वेळी ते परवडतं.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम. कारखान्याच्या रस्त्यावर रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. नकाशावर तो रस्ता सायकलसाठी दाखवूच नका. थोडा लांबचा, पण वस्तीतला आणि दिव्यांचा रस्ता दाखवा. ज्या वाडीला दुसरा रस्ताच नाही तिथल्या लोकांना सायकल घेऊन या म्हणू नका, त्यांच्यासाठी ट्रॅक्स किंवा बस ठरवा.

परतीचे ताफे हा मुलींच्या आणि बायकांच्या दृष्टीने कळीचा भाग आहे. मुलगी सायकलने येईल की नाही ते तिचे आई-वडील ठरवतात, आणि ते पहिलं विचारतात ते "रात्री परत कोणाबरोबर?" त्याचं उत्तर पत्रिकेवरच द्या. तीन-चार दिशा ठरवा, प्रत्येक दिशेला १०.१० ला स्टँडच्या फाटकापासून एक ताफा निघेल. पुढे एक माहितगार, सगळ्यात मागे एक, दोघांकडे चांगला दिवा, मधे पंधरापेक्षा जास्त नकोत. वेग सगळ्यात सावकाश चालवणाराचा. मागचा माणूस शेवटची सायकल तिच्या गल्लीत वळेपर्यंत सोडत नाही. ताफ्यातल्या मुलींच्या सायकली शक्यतो एकाच रांगेत लावून घ्या, म्हणजे निघताना शोधाशोध होत नाही. येतानाचे ताफे केले नाहीत तरी चालतं, परतीचे मात्र चुकवू नका.

हीच व्यवस्था दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला वापरायची असेल तर सगळं उलटं होतं. लोक काळोखात येतात आणि उन्हात जातात. मग खिडकीवर दिवा आणि माणसं जास्त हवीत, कारण साडेपाचचा कार्यक्रम असेल तर पाच ते साडेपाच या अर्ध्या तासातच सगळे येतात. रेडियमची पट्टी तिथे आदल्या आठवड्यात शाळांमधून वाटावी लागते.

सायकली ५०० च्या पुढे जातील असं दिसलं तर एकच स्टँड वाढवत नेऊ नका. गावाच्या दोन दिशांना दोन स्टँड करा, अक्षरं वेगळी ठेवा. एकाच फाटकातून ५०० सायकली सोडायला गेलात की रस्त्यावर पुन्हा तीच कोंडी होते, या वेळी सायकलींची.

संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी आत किती सायकली आहेत ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि बिल्ला देताना "कुठून आलात?" एवढं विचारून गल्लीचं नाव टिपा. पुढच्या वर्षी कुठल्या बाजूला स्टँड घ्यायचा आणि कितीची तयारी करायची ते यावरून ठरतं. १०.४५ ला उरलेल्या सायकलींच्या मालकांना वहीतून फोन करा. बहुतेक जण मित्राच्या गाडीवरून घरी गेलेले असतात. त्या सायकली शाळेच्या कुलूपबंद खोलीत ठेवा, दारावर चिठ्ठी लावा, पहारेकऱ्याकडे क्रमांकांची यादी द्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत न्यायला सांगा. महोत्सव संपून दोन दिवस झाले तरी कुणी आलं नाही, तर फ्रेमवरचा क्रमांक लिहून पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या.